सफारीच्या आदल्या दिवशी

तर झालं असं, की पेंचच्या सफारीचं बुकिंग शनिवार सकाळचं मिळालं आणि मला सुट्टी मात्र शुक्रवारपासून मिळाली. बाकीचे तिघे बंगलोरहून शुक्रवारी रात्रीच्या विमानानं येणार होते. मी गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून गाडीत बसलो आणि शुक्रवारी सकाळी नागपूर स्टेशनवर उतरलो. हॉटेलवरून निघायची वेळ शनिवारी पहाटे साडेतीन. म्हणजे मधला अख्खा दिवस मोकळा!

आपण पुण्या-मुंबईची माणसं नागपूरला येतो ती बहुतेक वेळा नागपूर सोडण्यासाठीच. विमानतळावर उतरायचं, टॅक्सीत बसायचं, थेट ताडोबा नाहीतर पेंच. परतताना संत्रा बर्फी घ्यायची, झालं नागपूर. परदेशात क्रूझवर जाणारी मंडळी म्हणे मुद्दाम एक दिवस आधी पोचून ते बंदराचं शहर नीट पाहून घेतात. (माझ्या टीम लीडच्या आईबाबांनी असं केलं आणि त्यांना बोटीपेक्षा तो दिवसच जास्त आवडला.) मग म्हटलं, आपलीही बोट उद्या पहाटे सुटणार आहे, तोवर बंदर पाहून घेऊ.

खरं तर माझा एक जुना हिशोबही बाकी होता. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा पोळ्याला महालात मामांकडे होतो. महाल म्हणजे जुन्या नागपूरचा एक भाग, आपल्याकडच्या शनिवार-नारायण पेठेसारखा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक काळी मारबत आणि एक पिवळी मारबत, असे दोन मोठे थोरले बायकांचे पुतळे असतात. त्यांच्याबरोबर त्या-त्या वर्षीच्या नकोशा गोष्टींचे 'बडगे'. रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, भ्रष्टाचार घेऊन जा, असा आरडाओरडा करत लोक त्यांना मिरवतात आणि शेवटी नेऊन जाळतात. मी मामांच्या खांद्यावर बसलेलो. काळी मारबत समोर आली तसा मी घाबरून विचारलं, ही कोण? शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी शांतपणे सांगितलं, "बांकाबाई. तिनंच नागपूर इंग्रजांना दिलं."

राज्यबिज्य कळायचं ते वय नव्हतं. पण एका बाईनं अख्खं शहर कुणाला तरी देऊन टाकलं ही गोष्ट डोक्यात रुतून बसली. देऊन टाकलं म्हणजे काय? किल्ल्या दिल्या? नंतर इकडचं तिकडचं वाचत गेलो, पण नागपुरात उभं राहून कधी विचार केला नव्हता. मामांना फोन लावला. ते म्हणाले, "दुपारी जेवायला ये. सकाळी मी बँकेत जाऊन राहिलो, हयातीचा दाखला द्यायचा आहे." नोव्हेंबर महिना. समस्त पेन्शनर मंडळींना आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा महिना!

सकाळ माझी मला मोकळी मिळाली. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. माझ्या पुणेरी डोळ्यांतून पाणी आलं ते बघून पोहेवाला म्हणाला, "कमी टाकून दिली होती, भाऊ."

तिथून झिरो माइल चालत पोचता येतं. वालुकाश्माचा उंच खांब, शेजारी उधळलेले चार घोडे, आणि सर्वेक्षण खात्याचा १९०७ सालचा उंचीचा दगड. समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हापुढे तीन आकडे! जबलपूर १७० मैल, सिवनी ७९ मैल अशी अंतरंही खांबावर कोरलेली आहेत. हा भारताचा मध्यबिंदू, असं प्रत्येक जण सांगतो. आजच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाजवळ धरतात, पण हे नागपुरात मोठ्यानं बोलू नये. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना शून्यापासून मोजायची सवयच असते, त्यामुळे मला तो खांब आवडला. ज्यानं हे देश मोजण्याचं काम १८०२ साली मद्रासहून सुरू केलं तो विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरला येताना २० जानेवारी १८२३ ला वाटेतच हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूर थोडक्यात राहिलं बिचाऱ्याचं.

आणि झिरो माइलवरून मान वर केली की सीताबर्डीची टेकडी. वर किल्ला.

किल्ल्याच्या फाटकाशी गेलो. आत लष्कर आहे. सर्वसामान्यांसाठी किल्ला वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. पहाऱ्यावरच्या जवानानं मला अगदी नम्रपणे ते सांगितलं. मी नोव्हेंबरात आलो होतो. गंमत अशी, की या टेकडीवर जे काही घडलं ते नोव्हेंबरातच घडलं होतं.

पुण्यातल्या वाचकांना सोप्पं जाईल म्हणून आधी खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि दुसऱ्या बाजीरावाचं राज्य संपायला लागलं. (मी रोज खडकीवरून ऑफिसला जातो. सिग्नलला शिव्या देण्याव्यतिरिक्त त्या जागेचा कधी विचार केलेला नाही.) त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सीताबर्डीची लढाई सुरू झाली. नागपूरचे राजे होते मुधोजी, म्हणजेच अप्पासाहेब भोसले. दोनच दिवस आधी त्यांनी पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनापती ही पदवी उघड दरबारात स्वीकारली होती. इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स टेकडीच्या पश्चिमेला राहायचा. त्याच्याकडे फौज जेमतेम १,४००. भोसल्यांची १८,००० च्या आसपास, त्यात तीन-चार हजार कसलेले अरब.

टेकड्या दोन होत्या, एक मोठी आणि एक छोटी. रात्रभर गोळीबार चालला. सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली, तिथली तोफ इंग्रजांवरच उलटवली, आणि संपल्यातच जमा होतं. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डनं बंगालच्या घोडदळाचे तीन तुकड्या घेऊन मैदानात मुसंडी मारली. छोट्या टेकडीवर दारूगोळा उडाला, गोंधळ झाला, आणि टेकडी परत गेली. २७ तारखेच्या दुपारपर्यंत खेळ खलास. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७, म्हणजे चारातला एक. आणि 'इंग्रज' हा शब्द मी सवयीनं वापरतोय. त्या टेकडीवर लढलेले बहुतेक शिपाई मद्रासचे आणि बंगालच्या फौजेचे होते, म्हणजे तामिळ, तेलुगू, अवधी बोलणारे. इकडून अरब, तिकडून हे. मराठी बोलणारे राज्य घालवून बसले ते अशा दोन फौजांच्या मधे.

किल्ला बांधला तो लढाईनंतर, जिंकणाऱ्यांनी. म्हणजे नागपूरच्या बरोब्बर मधोमध दिसणारी सगळ्यात ठळक ऐतिहासिक वास्तू हारलेल्यांची नाहीच. मग हारलेल्यांचं काय उरलंय? ते बघायला महालात जायचं होतं.

रिक्षावाल्यानं विचारलं, "महालात कुठं जाऊन राहिले, भाऊ?" मी म्हटलं गांधी गेट. वाटेत कॉटन मार्केट लागलं. नुसतं नाव वाचलं आणि पुढे गेलो. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. पुढे जुन्या एम्प्रेस मिलच्या जागेवरचा मॉल, मग गांधीसागर तलाव, मग गांधी गेट.

नागपूर भोसल्यांनी वसवलं असा माझा पुणेरी समज होता. चूक. नागपूर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं, १७०२ च्या सुमारास. त्याच्या मुलानं, चांद सुलताननं, राजधानी इथे आणली, भोवती कोट बांधला, तलाव केला. तलावाचं नाव जुम्मा तलाव, दरवाज्याचं जुम्मा दरवाजा. तोच आजचा गांधीसागर आणि तेच आजचं गांधी गेट. चांद सुलतान १७३९ मध्ये वारल्यावर वारसाहक्काची भांडणं लागली. राणीनं मदतीला बोलावलं रघुजी भोसल्यांना. रघुजी आले, मदत केली, आणि १७४३ पर्यंत राज्यच त्यांच्याकडे आलं. गोंड राजाला त्यांनी मारलं नाही, हाकललंही नाही. तनखा देऊन त्याच्या किल्ल्यात मानानं ठेवलं. घरच्या भांडणात मदतीला बोलावलेला पाहुणा मालक कसा होतो, हे नागपूरनं असं आधीच एकदा पाहिलेलं होतं.

हे पहिले रघुजी म्हणजे जबरदस्त माणूस. छत्रपती शाहूंनी त्यांना 'सेनासाहेबसुभा' ही पदवी दिलेली. त्यांच्या फौजा बंगालपर्यंत धडकल्या. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी १७४२ मध्ये भीतीनं खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा खंदक. बंगाल्यांच्या आठवणीत मात्र आपण 'बर्गी' म्हणून आहोत, आणि ती आठवण चांगली नाही. माझ्या बंगाली रूममेटनं हे मला हॉस्टेलमध्येच ऐकवलं होतं. १७५१ च्या तहानं ओरिसा भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथाई वर्षाला १२ लाख ठरली. १८०३ मध्ये असई आणि अडगावच्या पराभवानंतर कटक गेलं, वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला. तरीही जे उरलं ते थोडं नव्हतं.

मामा दारातच उभे होते. जेवायला वांग्याची भाजी, भाकरी आणि मामींच्या हातची पाटोडी. मी बांकाबाईचा विषय काढला तसे मामा हसायला लागले. "तू अजून तिथंच आहेस का? तेव्हा रात्रभर रडला होतास."

जेवून आम्ही दोघं पायी निघालो. मामांनी एका गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हात फिरवला. "वाडा असा इकडून तिकडे होता." जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचं वर्णन आहे: काळ्या दगडाची इमारत, लाकडावरचं भरपूर कोरीव काम. १८६४ साली तो जळाला. मोठा दरवाजा, म्हणजे नगारखाना, तेवढा वाचला. मी मोबाइल काढला, पण फोटो कशाचा काढायचा? समोर एक मोबाइल रिचार्जचं दुकान, एक क्लास, आणि स्कूटर लावायला जागा शोधणारा एक काका.

"बांकाबाई इथंच राहायची," मामा म्हणाले.

आता तिची गोष्ट. मला जेवढी कळली तेवढी आणि तशी सांगतो.

बांकाबाई ही दुसऱ्या रघुजींची राणी. रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले. मुलगा परसोजी आजारी, राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हता. राज्य कुणी बघायचं? एक गट बांकाबाईचा, दुसरा परसोजीचा चुलत भाऊ अप्पासाहेबाचा. अप्पासाहेबानं बाजी मारली. आणि मग आपली खुर्ची पक्की करायला त्यानं काय केलं? २७ मे १८१६ च्या रात्री गुपचूप जेन्किन्सशी तैनाती फौजेचा तह केला. वर्षाला साडेसात लाख रुपये देऊन इंग्रजी पलटणी नागपुरात आणल्या त्या अप्पासाहेबानं. वर्षभरात परसोजी बिछान्यात मेलेला सापडला, आणि पुढे इंग्रजांनी त्या खुनाचा ठपकाही अप्पासाहेबावर ठेवला. तोच अप्पासाहेब पुढे सीताबर्डीला लढला, हारला, १८१८ मध्ये पकडला गेला, वाटेत पळाला, महादेवाच्या डोंगरात राहिला, असीरगड, पंजाब असा भटकत शेवटी जोधपूरला पोचला आणि १८४० मध्ये तिथेच मेला. त्या पळापळीमुळे तो लोकांच्या मनात वीर ठरला. त्यात मला काही खोटं वाटत नाही, तो शेवटी लढला हे खरंच आहे. पण दार उघडलं कुणी, हा प्रश्न असेल तर उत्तर बांकाबाई असं येत नाही.

तिचा भाग यानंतरचा. अप्पासाहेबाला काढल्यावर दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा लहानगा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला, तो तिसरा रघुजी. मुलाची आणि वाड्याची जबाबदारी बांकाबाईकडे, कारभार जेन्किन्सकडे. तिनं हे मान्य केलं. नाही म्हणून काय करणार होती, हा प्रश्न आहेच. पण तिला यात फायदाही दिसला असणार. दोन वर्षांपूर्वी ज्यानं आपल्याला बाजूला सारलं त्याचा पाडाव झाला होता आणि वाडा परत आपल्या हातात आला होता. इंग्रजांच्या आसऱ्यानं मिळालेली सत्ता तिनं स्वीकारली, हे नाकारता येत नाही.

पुढची पस्तीस वर्षं ती तहाप्रमाणे वागली. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी मूलबाळ नसताना वारले. घरच्यांनी एका नातेवाइकाला दत्तक घेतलं, त्याचं नाव जानोजी ठेवलं. कलकत्त्यात डलहौसी बसलेला. त्यानं सांगितलं, दत्तक मंजूर नाही, राज्य खालसा. त्याचा जानेवारी १८५४ चा जो लांबलचक शेरा आहे तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यात तो फारसं लपवत नाही. ८०,००० चौरस मैल मुलूख, ४० लाख रुपये महसूल, ४० लाखांवर प्रजा. (८०,००० चौरस मैल म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश.) शिवाय कापूस. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेऐवजी दुसरीकडून कापूस हवा होता आणि तो इथल्या काळ्या जमिनीत पिकत होता. कॉटन मार्केट! सकाळी रिक्षातून ते नाव वाचताना मला वाटलं होतं, भाजीबाजार असेल.

डलहौसीच्याच कौन्सिलमध्ये एकानं लेखी विरोध केला. कर्नल जॉन लो. हा माणूस आधी बिठूरला दुसऱ्या बाजीरावावर नजर ठेवायला नेमलेला होता, म्हणजे पदच्युत राजा कसा दिसतो ते त्यानं रोज पाहिलेलं. त्याचं म्हणणं असं होतं की अशानं देशी संस्थानिकांचा आपल्यावरचा उरलासुरला भरवसा जाईल. कोणी ऐकलं नाही. तीन वर्षांनी १८५७ उजाडलं.

बांकाबाईनं तेव्हा अर्ज केले, वकील पाठवले, थेट लंडनपर्यंत दाद मागितली. सगळं वाया गेलं. मग वाड्यातल्या चीजवस्तूंची पाळी आली. जॉन के या इंग्रज इतिहासकारानं १८६४ मध्ये छापलेल्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. राजघराण्याचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल भावानं विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. आणि वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा म्हाताऱ्या बांकाबाईनं धमकी दिली, की सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. सामान गेलंच. के म्हणतो, राज्य घेतलं त्यापेक्षा या लिलावांनी लोकांची मनं जास्त दुखावली, असं त्याच्या कानावर आलं होतं. विक्रीच्या पैशातून भोसला फंड काढून घरच्यांना नेमणुका दिल्या. तुमचंच विकून तुम्हालाच पेन्शन.

हे मी मामांना सांगत होतो तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "आग लावीन म्हणाली होती? आणि वाडा आगीतच गेला?" हो. पण दहा वर्षांनी, आणि ती १८५८ मध्येच वारली होती.

मग मामांनी नेमका प्रश्न टाकला. "इतकं सगळं गेल्यावर मग सत्तावन्नला ती का नाही उठली?"

इथेच ती लोकांच्या मनातून उतरली असणार. जून १८५७ मध्ये नागपूरजवळच्या घोडदळात उठावाचा बेत झाला होता. बांकाबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या आसपास. तिनं आपल्या माणसांना ताकीद दिली, की यात पडू नका. नागपूर शांत राहिलं. पुढे इंग्रजांनी बक्षीस म्हणून जानोजीला 'देऊरचे राजाबहादूर' ही पदवी आणि इनाम दिलं. झाशीच्या राणीचीही केस तीच होती, दत्तक नामंजूर. ती लढली. हिनं आपल्या माणसांना आवरलं. एकीचे पुतळे चौकाचौकांत आहेत. दुसरीचा पुतळा दर वर्षी जाळला जातो.

मामांना मी आमच्या धंद्यातलं एक उदाहरण दिलं. कोडमधली एखादी ओळ कुणाची आहे हे दाखवणारी एक कमांड असते, तिचं नावच 'ब्लेम'. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की सगळे आधी ती चालवतात. पण ती दाखवते त्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला ते. बग मुळात कुणी आणला हे शोधायला मागे मागे जावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाला नसतो. तोपर्यंत त्या शेवटच्या माणसाला मेल गेलेली असते. मला वाटतं बांकाबाईचं तसं झालं. सगळी पडझड झाली तेव्हा वाड्यात ती उरली होती.

मामांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "शेवटचा हात लावणाऱ्यानंही थोडं बघून लावायला पाहिजे ना? पस्तीस वर्षं होती तिच्याकडं." यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. पस्तीस वर्षं फार असतात. आणि सत्तावन्नमध्ये तिनं काय वाचवलं, राज्य की फक्त नेमणूक, हे मलाही टोचतंच.

पण मग मामाच पुढे म्हणाले, "आता खरं सांगू का, मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांना बांकाबाई कोण ते माहीतच नसतं. त्यांच्यासाठी ती डेंग्यूची मारबत." खरंय. प्रथा सुरू झाली १८८० च्या दशकात, तिच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी. ज्यांनी तो लिलाव पोरवयात पाहिला असेल ती माणसं तेव्हा चाळिशी-पन्नाशीत असतील. राग ताजा होता, डलहौसीचा पुतळा जाळायची सोय नव्हती. बांकाबाईचा जाळता येत होता. हा माझा तर्क आहे, कुणी कागद मागू नये.

लिलावावरून आठवलं. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीज् या कंपनीच्या लिलावात एक तलवार आली. सरळ युरोपियन पात्याची, आपल्याकडे तिला फिरंग म्हणतात. पात्यावर सोन्यानं देवनागरीत रघुजी भोसल्यांचं नाव आणि सेनासाहेबसुभा ही पदवी. महाराष्ट्र सरकारनं ती ४७.१५ लाख रुपयांना घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. बातमी आली तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी भगवे झेंडे टाकले. मीही टाकला. मामा म्हणाले, "चांगलं झालं. पण आपलीच वस्तू आपण लिलावात बोली लावून घ्यायची, म्हणजे काय हे?" तेही बरोबर.

संध्याकाळी मामांना घरी सोडून मी एकटाच दीक्षाभूमीला गेलो. खूप मोठा पांढरा घुमट, आत शांतता, बाहेर पुस्तकांचे स्टॉल. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह इथे धम्मदीक्षा घेतली. पायऱ्यांवर बसलो असताना एक जोडी डोक्यात आली जी आधी कधी जुळली नव्हती. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचना अमलात आली, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर १८६१ नंतर पहिल्यांदा कुणाचीच राजधानी उरलं नाही. मामांचे वडील तेव्हा सचिवालयात कारकून होते. मामा सांगतात, बरोबरचे कुणी भोपाळला गेले, कुणी मुंबईला, वर्षभर गल्लीत सामान बांधणंच चाललं होतं. आमच्या घरात १९५६ म्हटलं की ते सामान आठवतं. पण दीक्षाभूमीवर माझ्या शेजारी बसलेल्या, नातीला चपला घालून देणाऱ्या आजोबांना १९५६ म्हटलं की काय आठवत असेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. एकाच शहराचं, एकाच महिन्यातलं वर्ष. राजे कोण आणि राजधानी कुठली, यावर सकाळपासून डोकं लढवत होतो. या लोकांच्या हिशोबात ते नागपूरच नव्हतं. भोसल्यांच्या काळातही नसावं.

रात्री अकराला बंगलोरची गँग आली. कुणाला सावजी मटण हवं होतं, कुणाला झोप. झोप जिंकली.

पहाटे पावणेचारला गाडी कामठीतून जात होती. थंडी मस्त होती, बाहेर ट्रकांच्या रांगा, लष्करी हद्दीच्या पाट्या. ही छावणी १८२१ ची. साडेसात लाखांत जी पलटण नागपुरात आली, तिच्यासाठी वसवलेली. अप्पासाहेबाच्या त्या एका रात्रीच्या सहीचा पत्ता तेवढा अजून जागेवर आहे. मागच्या सीटवरून आवाज आला, "काल दिवसभर एकटा काय करत होतास रे?" मी सांगायला सुरुवात केली, पण अप्पासाहेब सीताबर्डीला पोचायच्या आत तिघंही घोरायला लागले होते. ड्रायव्हर म्हणाला, "मले सांगा भाऊ, मी जागाच आहो."

त्याला कन्हान नदीच्या पुलापासून मनसरपर्यंत सगळं सांगितलं. त्याचं मत अप्पासाहेबाच्या बाजूनं पडलं.

वाघ दिसला की नाही, ते पुढच्या वीकेंडला.